न मिटणारं कासव

दोन्ही नाणी लाल पडली. ग्वातने ती फरशीवरून उचलली, ओंजळीत खुळखुळवली आणि पुन्हा टाकली. एक घरंगळत खुर्चीखाली गेलं. तिने गुडघ्यांवर बसून वाकून पाहिलं. लाल. दुसरंही लाल.

"मा, जेव ना गं आता," ती फोटोला म्हणाली. "भात गार झाला."

फोटोतली तिची आई, बी लुआन, नेहमीसारखीच जराशी वैतागलेली दिसत होती. स्टुडिओवाल्याने हसा म्हटलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं. तिच्यापुढे भाताचा वाडगा, जेवणाच्या काड्या, चहा, कोबी आणि लोबाकच्या वळकट्या मांडलेल्या होत्या. डुकराचं मांस पाच मसाल्यांत मुरवून, गुंडाळून तळायचं म्हणजे सकाळ जाते. ग्वातची गेली होती. माणूस गेलं की शंभर दिवस दोन्ही वेळा त्याचं पान मांडायचं. उदबत्ती अर्धी जळली की एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी रंगवलेली दोन नाणी टाकून विचारायचं, झालं का जेवण? एक लाल, एक पांढरं पडलं की झालं. मग ते अन्न घरच्यांनी खायचं. दोन्ही पांढरी पडली तर ती हसते आहे. दोन्ही लाल म्हणजे नाही. पहिले पन्नास दिवस आई पहिल्या फेकीलाच हो म्हणत होती. गेले अकरा दिवस मात्र नाही, नाही आणि नाही.

शेजारची गाइक झाकलेली ताटली घेऊन आत आली. लांबच्या नात्याने मामी लागायची, म्हणून ग्वात तिला कीम म्हणे.

"अजून जेवतेच आहे का तुझी आई?"

"नाही म्हणतेय."

"जिवंतपणी चुलीपाशी उभ्याउभ्या दोन मिनिटांत उरकायची. आता बरी सवड मिळाली बाईला!" गाइक हसली, मग फोटोकडे पाहून तिने स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारली. "रागावू नको हं, लुआन."

"कीम, थट्टा नको. अकरा दिवस झाले."

"काहीतरी हवं असेल तिला. तिच्या आवडीचं करतेस ना?"

"सगळं केलं. बदक केलं, भरलेले खेकडे केले, काल डुकराच्या पायाचं मांस केलं. रोज आदल्या दिवसापेक्षा भारी करतेय."

"आणि तुझा बाप खातो ना ते?"

"खातात की. ताट चाटूनपुसून परत येतं."

"मग वाळलाय कशाने एवढा?"

"कशाने म्हणजे काय? बायको गेली त्यांची."

"तेही खरंच," गाइक म्हणाली आणि तिने डोळे पुसले. रडायला तिला वेळ लागत नसे.

चौदाव्या फेकीला एकदाचं एक नाणं पांढरं पडलं. बळेच हो म्हणवून घेतल्यासारखं वाटलं ग्वातला. तिने ताट उचललं आणि मागच्या चौकात नेऊन वडिलांपुढे ठेवलं.

वडील, केंग चुआन, दांडीकाटे बनवायचे. एक लाकडी दांडी, तिच्यावर पितळेच्या टाचण्यांचे ठिपके, एका टोकाला आकडा, सरकतं वजन. पिनांगच्या बाजारात आता असे काटे फार कोणी वापरत नव्हतं, तरी औषधी मुळ्यांचे दुकानदार आणि हट्टी म्हातारे यायचे. दुकान पुढे, घर मागे आणि मधे हा उघड्या आभाळाखालचा चौक. चौकात सिमेंटचा उथळ हौद, हौदाशेजारी बुटकं स्टूल. चाळीस वर्षं ते तिथेच बसून जेवत आले होते. ते जेवत असताना दुकानावर आई बसायची. आता ग्वात बसत होती. सिंगापूरला एका दातांच्या दवाखान्यात ती नोकरीला होती. शंभर दिवसांची बिनपगारी रजा घेऊन आली होती आणि त्यातले एकसष्ट झाले होते.

हौदात लाऊ-कू राहायचं. लाऊ-कू म्हणजे म्हातारं कासव, पण आणलं तेव्हाही त्याचं नाव हेच होतं. ग्वात सात वर्षांची असताना वडिलांना कावीळ झाली होती आणि वैद्याने हात टेकले होते. आईने सूपवाल्याच्या बादलीतून हे कासव सोडवून आणलं आणि नवऱ्याच्या नावाने देवळाच्या तळ्यात सोडायला निघाली. तिथला म्हातारा भिक्खू म्हणाला, बाई, या तळ्यात आधीच एकमेकांच्या पाठीवर चढतात ती, हे मरेल. नवऱ्याच्या नावाचं कासव मरायला कोण टाकेल? तिने ते घरी आणलं. वडील बरे झाले. तेव्हापासून घरात कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं: हे आहे तोवर ते आहेत.

आणि गेले नऊ दिवस लाऊ-कू खात नव्हतं.

दुपारी ग्वातने कांगकुंगच्या भाजीची कोवळी पानं त्याच्या नाकासमोर धरली. कासवाने मान फिरवली. तिने पपईची फोड धरली. त्याने डोळे मिटले. तिने पाठीवर टकटक केलं. ही जात पेटीसारखी. पोटाचं कवच बिजागरीवर वर येतं, आणि डोकं-पाय आत घेऊन प्राणी टपकन बंद होतो. लहानपणी ती तासन्‌तास हा खेळ करायची. आज डोकं आत गेलं, पाय आत गेले, झाकण अर्धं वर आलं आणि थांबलं. फटीतून फुगलेलं, करडं मांस बाहेर आलं. ते बंद व्हायची धडपड करत होतं आणि होत नव्हतं. फटीतून एक डोळा तिच्याकडे पाहत होता.

ग्वातच्या हातातली फोड पाण्यात पडली.

आई दर अमावस्येला कासवाचं वजन करायची. ग्वातने फडक्याची झोळी केली, आकड्याला अडकवली, वजन सरकवत नेलं. सोळा ताहिलांची एक कॅटी. लाऊ-कू वर्षानुवर्षं दोन कॅटी भरत आलं होतं.

"पा, हे दोन कॅटी सहा ताहिल भरतंय."

वडील कानस चालवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "काटा बिघडलाय."

ग्वात दांडी धरून तशीच उभी राहिली. त्यांच्या काट्यात खोट आहे म्हणणाऱ्या एका मासेवाल्याला त्यांनी एकदा रस्त्याच्या पार टोकापर्यंत शिव्या घालत पिटाळलं होतं. हे वाक्य त्यांच्याच तोंडून? तिला वाटलं, दुःखाने माणूस असा होतो. आणि कासवाच्या अंगात पाणी भरत चाललं असणार. आईलाही शेवटी पाय सुजले होते.

"त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं," ती म्हणाली.

"काही झालेलं नाही त्याला. सोयादूधवाला गेला का? दोन पेले घेऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाचं पाणी बदलताना तिच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. तिने ते उजेडात धरलं. लोबाकचा तुकडा होता. कडेला तळलेल्या आवरणाची सुरकुती, वास दालचिनीचा. काल आईपुढे ठेवलेला. तळाशी भाताची शितं होती, पायाच्या मांसाची चामडी होती. तिने पाण्यात पुन्हा हात घातला तर बदकाचं एक बारीक हाडही आलं, आणि बदक तर तिने चार दिवसांपूर्वी केलं होतं.

"पा, हौदात हे कुठून आलं?"

वडिलांनी तुकड्याकडे पाहिलं. "मांजर असेल. कौलांवरून टाकतं."

कौलांवर मांजर नव्हतं. गल्लीतली सगळी मांजरं मासळीबाजाराकडे असायची.

गाइकने तो तुकडा बघितला आणि ती धपकन पायरीवर बसली.

"लुआन घालतेय त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "अगं, सरळ आहे. ती जेवली नाही, जेवली नाही असं का सांगतेय? स्वतःच्या पानातलं काढून त्याला देतेय. तीस वर्षं तिनेच भरवलंय. आणि ते आता तुझ्या हातचं घेत नाही."

"कीम, पुरे."

"ती त्याला बोलावतेय. आणि त्याच्या मागे कोण, ते मी तोंडाने बोलणार नाही."

"बोललीस की!" ग्वात ओरडली. "बोललीस ना!"

गाइक रडत रडत घरी गेली. ग्वात फोटोपुढे जाऊन उभी राहिली. उदबत्ती लावायची वेळ नव्हती, पानही मांडलेलं नव्हतं. तरी तिने नाणी उचलली.

"मा, तूच घालतेस का त्याला?"

दोन्ही पांढरी पडली.

आई हसली होती. जिवंतपणी ग्वातने असं काही विचारलं की ती अशीच हसायची, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, म्हणजे तुला कधी अक्कल येणार. ग्वातने नाणी डबीत टाकली, कासवाला ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि वडिलांना न सांगता बाहेर पडली.

डॉक्टर मलार प्राण्यांच्या दवाखान्यात पोपटाची नखं कापत होत्या. टोपली पाहून त्यांनी पोपट मदतनिसाकडे दिला.

"काय होतंय?"

"खात नाही. नऊ, नाही, दहा दिवस झाले."

"पाण्यात एका अंगाला कलून तरंगतं?"

"नाही."

"नाकातून फुगे? तोंड उघडं टाकून श्वास घेतं?"

"नाही."

"डोळे तर स्वच्छ आहेत. सुजून चिकटले असते तर काळजी होती. कवचही टणक आहे." डॉक्टरांनी कासव उचलून सगळ्या बाजूंनी फिरवलं. "मग आजारी कशावरून म्हणता?"

"मिटत नाही ते," ग्वात म्हणाली. "मिटता येत नाही त्याला. सुजलंय."

डॉक्टरांनी कासवाच्या मागच्या पायापुढच्या मऊ भागावर बोट ठेवलं. "इकडे या. इथे दाबा. उपाशी कासवाला इथे खळगा पडतो, बोट आत जातं. पायाची कातडी लोंबते, मानेची हाडं वर येतात. याचं बघा, उलट बाहेर येतंय. ही सूज नाही हो. चरबी आहे."

"चरबी?"

"पोट भरलंय म्हणून खात नाही ते. काय घालता तुम्ही?"

"पालाच. पपई. आणि तेही खात नाही..."

"पाल्याने कोणी असं होत नाही. शिजवलेलं मांस, भात, तळलेलं, सगळं चालू आहे याचं, आणि रोज. या वयाच्या कासवाला आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर पाला पुरतो. घरी कोण कोण आहे?"

"मी आणि वडील. दोघंच."

"मग तुमच्यापैकी एकाचं जेवण हे जेवतंय," डॉक्टर म्हणाल्या आणि हसल्या.

ग्वात हसली नाही. तिचं बोट अजून कासवाच्या पायापाशीच होतं. डॉक्टर पुढे सांगत होत्या, आठवडाभर काही देऊ नका, रोज तासभर उन्हात ठेवा, पाणी उथळ ठेवा म्हणजे चालेल, चाललं की उतरेल. ती मान हलवत होती आणि तिला दिसत होतं ते वेगळंच. सकाळी वडील चुलीपाशी वाकले होते, गंजीफ्रॉकचा गळा खाली लोंबला होता, आणि गळ्याच्या हाडांमागे दोन खळगे होते, पाणी ठरेल एवढे. तिने ते पाहिले होते. पाहून वळली होती आणि कासवाला पपई कापायला गेली होती.

पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं होतं, तेही तिने पाहिलं होतं. सोयादूध. दिवसातून सहा वेळा साखरेची कॉफी. सगळं पातळ.

ती घरी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. तिने पान मांडलं, उदबत्ती लावली. नाणी हातात घेतलीच नाहीत. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत फोटोसमोर नुसती बसून राहिली, मग ताट उचललं, दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि चौकात आली. टोपली तिने स्वतःच्या मागे, भिंतीशी ठेवली आणि वडिलांसमोर फरशीवर बसली.

"दुकान?" वडिलांनी विचारलं.

"बंद केलं."

"भर दुपारी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. जेवा तुम्ही."

"तू जा. मी जेवतो सावकाश."

"मला घाई नाही."

वडिलांनी वाडगा उचलला. काड्यांनी चिमूटभर भात तोंडात घातला आणि चावायला लागले. पुष्कळ वेळ चावत राहिले. भाताला एवढं चावावं लागत नाही. मग त्यांचा कंठमणी वर गेला आणि तिथेच अडला. कपाळावर घाम आला. डोळ्यांत पाणी आलं. डावा हात आपोआप हौदाकडे गेला आणि रिकाम्या पाण्यावर थांबला. त्यांनी ग्वातकडे पाहिलं. मग तोंडातला घास तळहातावर काढला आणि मूठ मिटली.

टोपलीत कासव खरखरत होतं.

"कधीपासून?" ग्वातने विचारलं.

"नववर्षाच्या आधीपासून. घशात काहीतरी आहे. आधी मांस अडायचं. पाण्यात कालवलेला भात कसाबसा जायचा, गेले दहा-बारा दिवस तोही जात नाही."

"आणि तिला माहीत होतं?"

"तीच पेज करायची. फडक्यातून गाळून द्यायची. दोघांचं जेवण मग ती एकटी संपवायची, तुला फोनवर सांगायला, आज अमुक केलं, दोघांनी खाल्लं म्हणून. गाइक तिला चिडवायची, म्हातारपणी फुगलीस म्हणून." ते हसल्यासारखे झाले. "ती गेली आणि तू बदकं तळायला लागलीस."

"मला सांगायचं होतंत! तोंड होतं ना तुम्हाला?" ग्वातचा आवाज चढला. "मी रोज मरमर स्वयंपाक करतेय, आणि तुम्ही इथे बसून... काटा बिघडलाय म्हणालात! माझ्या तोंडावर खोटं बोललात!"

"शंभर दिवस झाले की तू जाणार होतीस. एकोणचाळीस राहिले होते. तेवढे काढायचे होते नुसते."

"आणि पुढे?"

वडिलांनी मुठीतला घास हौदाच्या कठड्यावर ठेवला आणि हात विजारीला पुसला.

ग्वात उठली. चुलीवर पातेलं ठेवलं, मूठभर तांदूळ धुऊन टाकले आणि विरघळेपर्यंत शिजवले. रडत होती आणि ढवळत होती. धुतलेलं पातळ फडकं शोधायला तिने आईचा खण उघडला, तर तिथे तशी सात फडकी नीट घडी करून ठेवलेली होती, भाताच्या पाण्याने कडक झालेली. तिने त्यातलं एक घेतलं, पेज गाळली, मीठ घातलं, फुंकर मारली.

चमचाभर पेज आत जायला ती शंभरापर्यंत मोजेल एवढा वेळ लागत होता. ती मोजत नव्हती. तीन चमचे गेले. चौथ्याला वडिलांनी डोळे घट्ट मिटले.

"उद्या सकाळी इस्पितळ," ती म्हणाली. "नाही म्हणायचं नाही."

त्यांनी मान हलवली. नाही म्हटलं नाही.

"मला कळायला हवं होतं," ग्वात म्हणाली. "अकरा दिवस ती दोन्ही वेळा सांगत होती, जेवण झालं नाही, जेवण झालं नाही. मला वाटलं, स्वतःचंच सांगतेय."

वडिलांनी डोळे उघडले. चौकातून पुढच्या खोलीतला फोटो दिसत नव्हता, फक्त उदबत्तीचा धूर दारातून येत होता. ते त्या दाराकडे पाहत राहिले.

"मी तिला शपथ घातली होती," ते म्हणाले. "माझ्या गळ्याची. पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून."

ग्वातने पुढचा चमचा भरला.

"जिवंत होती तोवर पाळली तिने."